रक्तवाल्या ताईंचे शॉकअप

सकाळची फेरी लॅबमध्ये पोचती करून ताई दुसऱ्या फेरीला निघाल्या आणि चौक ओलांडतात न ओलांडतात तोच खिशातला फोन थरथरला. मोटरसायकल कडेला घेऊन त्यांनी फोन हेल्मेटमध्ये खुपसला. पलीकडे मशीनरूममधल्या मॅडम होत्या. आवाज खालच्या पट्टीत लागलेला, म्हणजे बातमी काय असणार ते ताईंना आधीच कळलं.

“ताई, रागावू नका हं.”

“पैलवान?”

“पैलवानच. परत फुटलंय. वरचं पाणी पार गुलाबी आलंय. असं मशीनवर लावलं तर पोटॅशियम भलतंच दाखवेल.”

ताईंनी हँडलवर मूठ आपटली. शेजारून जाणारा सायकलवाला दचकून बाजूला झाला.

घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, नळ्या डब्यात भरायच्या आणि लॅबमध्ये आणून द्यायच्या, ही ताईंची एकोणीस वर्षांची नोकरी. पेशंट त्यांना रक्तवाल्या ताई म्हणत. उंचीने बेताच्या, वजनाने त्याहून बेताच्या, पण चालवत मोटरसायकल. स्कूटरची चाकं आपल्या भागातल्या खड्ड्यांत हरवतात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे जुन्या दगडखाणीच्या अंगाखांद्यावर पसरलेली वस्ती. दिवसभर दगडाचे ट्रक वर जायचे, खाली यायचे, आणि रस्ता म्हणून जे काही उरलं होतं त्यावरून ताई रोज चाळीस किलोमीटर हाडं खिळखिळी करून घ्यायच्या.

ताईंचा हात हलका, हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं. तान्ह्या बाळांसाठी, वाळून काटकी झालेल्या म्हाताऱ्यांसाठी मुद्दाम त्यांनाच पाठवायचे. सुई आत गेली कधी आणि बाहेर आली कधी, पेशंटला पत्ता लागत नसे. आणि आता गेले दोन महिने त्यांचेच नमुने फुटत होते. रक्त हादरलं, घुसळलं गेलं की त्यातल्या लाल पेशी फुटतात. मग नमुना फुकट, आणि त्याच माणसाला दुसऱ्यांदा टोचायचं.

त्या माणसाला सगळे पैलवान म्हणत. ऐन उमेदीत आखाडा गाजवलेला, दार भरून टाकेल असा गडी. आता किडन्या बसल्या होत्या. दर सोमवारी रक्त तपासायचं. डावा हात पुढे डायलिसिससाठी राखून ठेवा, त्याला सुईसुद्धा लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. उजव्या हाताच्या शिरा टोचून टोचून दोरीसारख्या कडक झालेल्या. धड अशी एकच शीर उरली होती, उजव्या पंजाच्या मागे, करंगळीच्या बाजूला. आणि हा एवढा अजस्र माणूस सुईला लहान मुलासारखा घाबरायचा.

ताई परत दारात दिसल्या तेव्हा पैलवान खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

“परत?”

“हो. माफ करा.”

“बाई, मागच्या सोमवारीपण दोनदा झालं.”

“माहीत आहे मला.”

“त्याच्या आधीच्यापण.”

ताईंनी नवी सुई काढली. पैलवानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पंजा पुढे केला. सकाळच्या टोचणीवरचा कापूस अजून तिथेच चिकटलेला होता. ताईंनी तो काढला, शेजारी बोट फिरवून शीर चाचपली आणि सुई घातली. नळी भरत असताना पैलवानांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायला त्यांचा दुसरा हात मोकळा होता, पण त्यांनी पुसलं नाही. त्या दिवशी ती नळी ताईंनी डब्यात ठेवलीच नाही. मुठीत धरली, मूठ छातीशी घेतली आणि एका हाताने गाडी चालवत उतार उतरल्या. क्लच दाबायला हात नव्हता म्हणून पहिला गिअर अख्ख्या उतारभर कोकलत राहिला. हा नमुना शाबूत निघाला.

लॅबच्या साहेबांनी मात्र ताईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर कागद असायचा आणि कागदावर जे असेल तेच त्यांना दिसायचं.

“ताई, दोन महिन्यांत अकरा नमुने. वय होतं माणसाचं, हात जड होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. थोडे दिवस काउंटरवर बसा.”

ताईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “साहेब, हात नाही जड झाला. गाडी उडते. शॉकअप गेलेत तिचे.”

“मग हळू चालवा ना.”

“याहून हळू चालवली तर पडेल.”

साहेब हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी आल्यावर ताईंनी नवऱ्याला बाही वर करायला सांगितलं. नवरा शिंपी, गिऱ्हाईक त्यांना मास्टर म्हणायचं. अबोल माणूस. दिवसभर तोंडात टाचण्या धरून धरून बोलायची सवयच मोडलेली. त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही, बाही वर केली. ताईंनी एकाच टोचणीत दोन नळ्या भरल्या. एक नळी मास्टरांच्या हातात दिली आणि सांगितलं, “चालत लॅबमध्ये न्या आणि मॅडमच्या हातात द्या. पळायचं नाही, हलवायची नाही.” दुसरी डब्यात टाकून त्या खाणीपर्यंत जाऊन परत आल्या. मॅडमनी दोन्ही नळ्या एकाच वेळी मशीनमध्ये फिरवल्या. एकीतलं वरचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळं, दुसरीतलं गुलाबी.

“आता बोला,” असं म्हणून ताईंनी दोन्ही नळ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या. “एकदा केल्याने काय सिद्ध होतं? आणि झालंच तर गाडी तुमची आहे ताई, लॅबची नाही. दुरुस्त करून घ्या.”

तर गाडी दुरुस्त करायची ठरली, आणि तिथून ताईंच्या मागे खरा ससेमिरा लागला.

गॅरेजमध्ये त्या मास्टरांना घेऊन गेल्या, कारण येताना गाडी तिथेच ठेवून चालत यायचं होतं आणि सोबत बरी. मेकॅनिकने सीटवर दोन्ही हातांनी दाब दिला. गाडी खाली गेली, वर आली, परत गेली, परत आली, झोपाळ्यासारखी हलत राहिली. मागच्या दोन्ही शॉकअपवर तेलाचा ओघळ होता आणि त्यावर खाणीची धूळ बसून काळा लगदा झाला होता.

“गेलेत,” तो मास्टरांना म्हणाला. “किती चालते रोज?”

“चाळीस किलोमीटर,” ताई म्हणाल्या.

“लोड किती असतो?” हेही मास्टरांनाच.

“मला गाडी चालवता येत नाही,” मास्टर म्हणाले.

मेकॅनिकने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि मान डोलावली, जणू काही दुखणं आता कळलं. “मग दादा, मी सांगतो, गॅसचे टाका. कंपनीच्या शॉकअपमध्ये आता दम राहिला नाही. सगळे हेच टाकतात. दोन माणसं बसवा, तीन बसवा, हलणार नाही.”

“तीन कशाला? मी एकटीच असते,” ताई म्हणाल्या.

“मग तर काय, राणीसारख्या जाल वहिनी.”

दोन दिवसांनी गाडी मिळाली. मागे लालभडक स्प्रिंगा, वर गॅसच्या छोट्या टाक्या, बघणाऱ्याची नजर ठरणार नाही असा थाट. ताई सीटवर बसल्या. गाडी बसली नाही. म्हणजे ताईंच्या वजनाने ती सुतभरही खाली गेली नाही, फळीवर बसावं तसं वाटलं. पहिल्या गतिरोधकावर त्यांचे दात दातांवर आपटले. जुने शॉकअप निदान डोलायचे तरी. हे प्रत्येक खड्डा जसाच्या तसा माकडहाडापर्यंत पोचता करत होते. त्या आठवड्यात चार नमुने फुटले. त्यातला एक अर्थातच पैलवानांचा.

“नवे आहेत. सेट व्हायला वेळ लागतो,” मेकॅनिक म्हणाला.

“किती वेळ?”

“हजारएक किलोमीटर.”

हजार किलोमीटर म्हणजे पंचवीस दिवस. ताईंनी पंचवीस दिवस दात आवळून काढले. पाठीला मलम लावून लावून घराला दवाखान्याचा वास येऊ लागला. स्प्रिंगा जिथल्या तिथे. त्या परत गेल्या. मेकॅनिकने शॉकअपच्या खालची चकती हुकाने फिरवून सगळ्यात नरम खाचेवर आणली. काडीचा फरक पडला नाही. मग त्याने डोकं खाजवलं आणि नवीनच शोध लावला: मागचं कडक आणि पुढचं नरम, म्हणून तोल गेला आहे, पुढेही कडक केलं की बरोबर होईल.

“अहो, मला नरम पाहिजे आणि तुम्ही पुढेपण कडक करताय?”

“वहिनी, हे तुम्हाला नाही कळणार. दादांना पाठवा एकदा, समजावून सांगतो.”

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण गाडी उघडी पडली होती, फेरी चुकली तर साहेबांना काउंटरचं निमित्त मिळालं असतं. त्या गप्प बसल्या. ती गप्प बसण्याची चूक त्या पुढे कित्येक दिवस स्वतःला सुनावत होत्या. मेकॅनिकने पुढच्या फोर्कमधलं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधलं, तेल काढून मधासारखं दाट तेल ओतलं, तेही अंदाजाने, डब्यात उरवायचं कशाला म्हणून जरा जास्तच.

आता पुढचं चाक रस्ता धरेना. लहानसहान भेगांवर ते टकटक उड्या मारत जायचं आणि हँडल हातात थडथडायचं. शुक्रवारी सकाळी, डब्यात सात घरांचे नमुने, ताई खाणीचा उतार उतरत होत्या. वळणावर रस्ता चिरला होता आणि चिरेत खडी पसरली होती. रोजचंच वळण, रोजचीच खडी. त्यांनी गाडी कलवली, पुढचं चाक चिरेवरून उडालं ते परत खाली टेकलं तेव्हा खडीवर. हँडल हातातून निसटलं आणि ताई रस्त्यावर पालथ्या. मागून येणाऱ्या ट्रकने ब्रेक मारला, म्हणून ही गोष्ट पुढे सांगता येते.

गुडघा सोलवटला, कोपर फुटलं. ते त्यांनी पाहिलंही नाही. डब्याचं झाकण उघडून सातही नळ्या धुळीत घरंगळल्या होत्या. ट्रकवाला खाली उतरून विचारत होता, “लागलं का ताई, लागलं का?” आणि ताई गुडघ्यांवर रांगत नळ्या गोळा करत मोठमोठ्याने मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. नळी एकही फुटली नव्हती, पण लॅबने सातही नमुने रद्द केले. सात दारं परत वाजवायची, सात वेळा माफी मागायची.

त्या रविवारी सकाळी ताईंनी जाहीर केलं की गाडी भंगारात घालायची आणि काउंटरवर बसायचं. मास्टर कुणाचीतरी पँट उसवत बसले होते.

“मापं कोणी घेतली?” त्यांनी विचारलं.

“कसली मापं?”

“तुझी. त्या स्प्रिंगा बसवताना तुझं माप कोणी घेतलं?”

“शॉकअपला कुठे माप असतं अहो? बाजारात मिळतात, आणून बसवतात.”

“तयार सदरेपण बाजारात मिळतात,” मास्टर म्हणाले, “तरी माझं दुकान चालतंच ना.”

ताईंनी आत जाऊन शॉकअपच्या खोक्यातली घडीची पुस्तिका शोधून आणली. मेकॅनिकने ती न उघडताच परत दिली होती. बारीक अक्षरात, तिसऱ्या पानावर, चित्रासकट लिहिलं होतं: चाक वरखाली जाण्याची जेवढी जागा आहे, तिचा साधारण तिसरा हिस्सा चालवणारा बसल्यावर दबायला हवा. या गाडीला म्हणजे तीन सेंटिमीटर.

दोघं गाडी घेऊन गल्लीत गेले. मास्टरांनी मागच्या मडगार्डवर खडूने रेघ मारली. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, चाक मोकळं लोंबतं ठेवून, चाकाच्या मधल्या बोल्टापासून रेघेपर्यंत टेप लावला आणि आकडा हातावर लिहिला. मग गाडी खाली उतरवली आणि ताई बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग असा सगळा साज चढवून सीटवर बसल्या. तोल सांभाळायला शेजारच्या काकूंनी हँडल धरलं.

“श्वास सोड,” मास्टर खालून म्हणाले.

“त्याने काय होणार आहे?”

“काही नाही. सवयीने म्हणालो.”

मास्टरांनी तीनदा माप घेतलं. तिन्ही वेळा एकच आलं. आठ मिलिमीटर. सेंटिमीटरसुद्धा नाही. ताईंच्या दुप्पट वजनाच्या माणसासाठी केलेल्या स्प्रिंगा होत्या त्या. चकती फिरवून काय होणार, सेट होऊन काय होणार! पंचवीस दिवस, सात दारं, एक गुडघा, आणि उत्तर घरातल्या खोक्यात घडी होऊन पडलेलं.

ताईंना रडू आलं. रागाचं रडू. काकू म्हणाल्या, “अगं, सापडलं ना एकदाचं?” त्याने त्यांना आणखीच रडू आलं.

नरम स्प्रिंग मागायला त्या पार्टच्या दुकानात गेल्या, तर दुकानदार म्हणाला नरम कोणी मागतच नाही, सगळ्यांना कडकच लागते, तुम्ही स्कूटर का नाही घेत. दुसऱ्याने दाखवली ती दुसऱ्याच गाडीची. तिसऱ्याने हात झटकले, पण एक पत्ता दिला: जुन्या गोदामांच्या मागे एक म्हातारा आहे, एके काळी शर्यतीच्या गाड्या बांधायचा, लोक त्याला फोर्कवाले म्हणतात. माणूस तिरसट आहे, जपून बोला.

फोर्कवाल्यांनी ताईंना पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा: “वजन किती?”

ताईंनी सांगितलं.

“तुमच्या मनातलं नको.” त्यांनी कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवला. “बूट, हेल्मेट, बॅग, सगळ्यासकट उभ्या राहा.”

इतक्या दिवसांत गाडीच्या बाबतीत कुणीतरी पहिल्यांदाच ताईंनाच कामाचा प्रश्न विचारला होता, तेही असं खेकसून. त्यांना काट्यावर चढतानाच बरं वाटलं.

पण बरं वाटणं फार टिकलं नाही. फोर्कवाल्यांच्या कामाला घड्याळ नव्हतं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. गेल्या तर शटर खाली. फोन उचलायचे नाहीत. उचलला तर म्हणायचे, “झालं की मी सांगेन,” आणि सांगायचे नाहीत. एकदा स्प्रिंगा आल्या त्या एक बोटभर लांब. त्या बसवल्या असत्या तर गाडी मागून उचलली गेली असती आणि वळणावर नको तेवढी चटकन कलली असती, असं म्हणून त्यांनी त्या परत पाठवल्या. ताईंनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पाच आठवडे गेले. या पाच आठवड्यांत ताई पैलवानांच्या घरून वस्तीच्या खालच्या टोकापर्यंत नळी मुठीत धरून चालत यायच्या, दोन किलोमीटर. गाडी खाली लावून ठेवायच्या आणि मग सपाट रस्त्याने पुढे जायच्या. बाकीच्या पेशंटसाठी ते करणं शक्य नव्हतं. बाकीचे फुटत राहिले.

शेवटी काम झालं. नरम स्प्रिंगा मागे बसल्या. पुढच्या फोर्कमधलं मधासारखं तेल काढून फोर्कवाल्यांनी पातळ तेल घातलं, नळीत पट्टी बुडवून दोन्ही बाजूंना सारखं मोजून. मग माप घेतलं. एकतीस मिलिमीटर.

“चालवून या.”

ताई गोदामांच्या फुटक्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आल्या. खड्डे होते तिथेच होते, पण आता ते चाकाखालून जात होते, अंगातून जात नव्हते. हँडल हलक्या बोटांनी धरलं तरी गाडी आपली रेघ सोडत नव्हती. हेल्मेटच्या आत त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

परत येऊन उतरल्या तर फोर्कवाले कॅरियरवर बोल्टने आवळलेल्या लॅबच्या डब्याकडे बघत उभे.

“रक्त यात नेता?”

“हो.”

“इथे? मागच्या चाकाच्याही मागे?”

“लॅबनेच बसवून दिलाय. सगळ्यांच्या गाड्यांवर तिथेच आहे.”

“अख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त आपटणारी जागा आहे ही. स्प्रिंग सोन्याची घातली तरी इथे आपटणारच. अंगावर घ्या. माणसाचं शरीर अर्धे धक्के आपणच खातं.”

ताईंना पैलवानांची ती पहिली नळी आठवली, मुठीत धरून आणलेली, शाबूत निघालेली. दिसलं होतं, डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांनी त्याचा एवढाही विचार केला नव्हता. इतका वेळ मेकॅनिकवर, दुकानदारांवर, साहेबांवर असलेला राग कुठे ठेवावा तेच त्यांना कळेना. थोडा आता आपल्याही वाट्याला येत होता, आणि तो गिळायला सगळ्यात कडू होता.

मास्टरांनी दोन दिवसांत बॅग शिवली. छातीवर पट्ट्यांनी घट्ट बसणारी, आत गादी, प्रत्येक नळीला वेगळा कप्पा. हे माप घेताना मात्र ताईंनी न सांगताच श्वास सोडला. साहेबांनी बॅग पाहिली आणि म्हणाले, नियमात डबाच आहे. ताई म्हणाल्या, मग डबा मोकळा घेऊन फिरते, तोही राहू दे. आणि खरोखरच त्या मागे रिकामा डबा आणि पुढे भरलेली बॅग अशा फिरू लागल्या.

चार सोमवार गेले. पैलवानांना चारही सोमवारी एकदाच टोचलं. पाचव्या आठवड्यात महिन्याची बैठक झाली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंचं कौतुक केलं. खाणीच्या भागातून महिन्यात एकच नमुना रद्द. “ताईंनी हात सुधारला,” साहेब म्हणाले, “मनावर घेतलं की होतं.”

ताई उभ्या राहिल्या. “हात तोच आहे, साहेब. एकोणीस वर्षं तोच आहे.”

“बरं, बरं.”

“बरं नाही. गाडीचे शॉकअप बदलले आणि डबा मागून काढला, म्हणून झालं. बाकी चौघांच्या गाड्यांवर डबे अजून मागेच आहेत. त्यांचेपण नमुने फुटतात. त्यांनापण तुम्ही हात जड झाला म्हणून सांगणार का?”

मग मॅडमनी आपली वही उघडून कुणाचे किती फुटले ते शांतपणे वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, बघू. बघायला त्यांना सहा आठवडे लागले. एक दिवस फळ्यावर कागद लागला की व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार यापुढे नमुने अंगावरच्या बॅगेतून आणावेत. ताईंचं नाव त्यात नव्हतं. बॅगा भलत्याच कोणाकडून शिवून आणलेल्या, पट्टे सैल.

पण तोवर पैलवानांचा सोमवार संपला होता. राखून ठेवलेल्या डाव्या हाताचं ऑपरेशन झालं आणि आता आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात मशीनवर जायचं होतं. रक्तही तिथेच घेणार.

“मग बरंच की,” ताई शेवटच्या दिवशी म्हणाल्या. “आता माझी सुई नको.”

“तिथली सुई केवढी असते, पाहिली का तुम्ही?” पैलवानांनी विचारलं.

ताईंनी पाहिली होती. खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं, पण पैलवान सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होते. “जाड असते,” त्या म्हणाल्या. “पण शीर मोठी केलीय ना आता, पहिल्यासारखं नाही दुखणार.”

“पहिल्या दिवशी याल?”

“येते.”

ताईंनी दोन तासांची सुट्टी मागितली. साहेबांनी दिली नाही, उलट रजेवर गेलेल्या एकाची दोन घरं वाढवून दिली. ताईंनी ती दोन्ही घरं धावतपळत उरकली, नमुने लॅबमध्ये टाकले आणि हॉस्पिटल गाठलं, तेव्हा दुपार होऊन गेली होती. लांबलचक खोलीत मशीनं घरघरत होती. पैलवान झोपले होते, तोंड भिंतीकडे. डाव्या हातातून दोन नळ्या निघाल्या होत्या आणि त्यांवर लावलेली चिकटपट्टी तिरकी होती, एक टोक केसांवर ओढलं जात होतं. काढताना दुखणार.

“ही पट्टी तिरकी लागलीय,” ताई तिथल्या नर्सला म्हणाल्या.

“तुम्ही कोण त्यांच्या?”

ताईंनी पट्टीकडे हात नेला.

“नातेवाईक नसाल तर बाहेर थांबा.”

त्या बाहेर थांबल्या नाहीत. घरी आल्या, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि मास्टरांसमोर धप्पकन बसल्या. मास्टरांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

“भेटले?”

“झोपले होते.”

“मग झालं काय?”

“काही नाही हो,” ताई चिडून म्हणाल्या. “पट्टीसुद्धा सरळ लावता येत नाही लोकांना.”